सांडव्यावरच्या गोण्या

आपत्ती या विषयाशी माझा पहिला अधिकृत परिचय एका पांढऱ्या टोपीने झाला. ग्रामपंचायतीसमोरच्या मंडपात शिरताना दाराशी बसलेल्या बाईंनी रजिस्टरवर सही घेतली आणि ती टोपी हातात दिली. टोपीवर हवामान बदलाविषयी दोन ओळी होत्या आणि ती माझ्या डोक्याला लहान होत होती. त्या दिवशी मंडपात जे ऐकलं त्याविषयीही माझं मत तेच झालं: वस्तू चांगली आहे, पण आमच्या मापाची नाही. हे मत बदलायला पुढचा सप्टेंबर उजाडावा लागला.

संशय हा माझा व्यवसायाने दिलेला आजार आहे. मी तीस वर्षं जालन्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ‘सर, सोमवारी पुस्तक परत आणतो’ असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्या माणसांत ज्याने तीस वर्षं काढली, तो माणूस कुणाच्याही शब्दावर पटकन विश्वास ठेवत नाही. मस्तगडातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून मी गावी परतलो, टेंभुर्णीपासून थोडं आत. गावात चष्मा आणि पेन्शन असलेल्या कुणालाही सर म्हणतात. शिवाय अक्षर बरं, म्हणून ज्या कामात कागद लागतो ते काम माझ्याकडे येतं. गावाची आपत्ती व्यवस्थापन समिती झाली तेव्हा मला न विचारता मी तिचा लेखनिक झालो होतो.

समिती कशासाठी, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पाण्याची तक्रार एकाच दिशेची असते. नाही, कमी आहे, लांब आहे, टँकर आला नाही. पूर ही नदीकाठच्या, सुखवस्तू गावांची अडचण, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो.

गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. मातीचा लांब भराव, आणि एका टोकाला तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून बांधलेला दगडी सांडवा. सांडव्यावरून पाणी वाहून जाताना बघणं हे आमच्या गावातल्या मोसंबीवाल्यांना सहन होत नाही. म्हणून एका कोरड्या वर्षी कुणीतरी सांडव्याच्या माथ्यावर खताच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून एक थर रचला. तेवढंच हातभर पाणी जास्त थांबलं आणि खालच्या विहिरींना महिनाभर जास्त टिकलं. पुढच्या वर्षी दुसरा थर चढला, मग तिसरा. श्रावण सरता सरता बागवाल्यांनी चार-चार गोण्या घेऊन सांडव्यावर जायचं, हा आता आमच्याकडचा रिवाज झाला आहे. कुठल्या कागदावर तो नाही. तालुक्याहून कुणी विचारलंच तर सगळं गाव एका सुरात म्हणतं, “गोण्या? कसल्या गोण्या?”

माझीही अर्धा एकर मोसंबी आहे आणि विहीर त्याच तलावावर जगते. त्यामुळे माझ्याही गोण्या त्यात होत्या. त्या ओळखू येत. आम्ही ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायचो ती दुहेरी गाठ माझ्या बोटांत बसली आहे. गोणीचं तोंडही मी तसंच बांधतो.

सांडव्यातून निघालेलं पाणी ज्या नाल्याने जातं, त्याच्या काठावर एकच घर आहे. ते चाचींचं. चाची म्हणजे पिंजारी. कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरणारं आमच्या पंचक्रोशीतलं शेवटचं घर. पिंजताना रुईचे तंतू उडतात म्हणून त्यांच्या सासऱ्याच्या वडिलांना गावाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जागा दिली होती, असं सांगतात. दिली ती तोंडी. त्यामुळे घराला भिंती आहेत, छप्पर आहे, दारात बांधलेली शेळी आहे, पण सरकारी कागदावर तिथे फक्त नाला आहे. चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शहरात कंपनीत असतो, बोलावतो, पण चाची जात नाहीत. “उधर जाऊन काय करू? तिथं गादी दुकानातून आणतेत,” असं त्या म्हणतात आणि विषय संपवतात.

तर प्रशिक्षण. शिकवायला आलेला तरुण पुण्याचा होता, सभ्य होता आणि पडद्यावर चित्रं दाखवताना लोकांकडे पाठ करत नव्हता, एवढं मी त्याच्या बाजूने नमूद करतो. तो म्हणाला, धोका म्हणजे आपत्ती नव्हे. मोठा पाऊस हा धोका. तो उजाड माळावर पडला तर आपत्ती होत नाही. त्याच्या वाटेत कोण राहतं, त्यांचं घर कशाचं आहे, त्यांना आधी कळतं का, कळलं तर जायला जागा आहे का, यावर आपत्ती ठरते. म्हणजे आभाळाचा वाटा अर्धाच, उरलेला आपला. मग त्याने फळ्यावर धोका, असुरक्षितता आणि क्षमता यांचं एक गुणाकार-भागाकाराचं सूत्र लिहिलं.

मी हात वर केला. “याचं एकक काय?”

तो हसला. “सर, हे गणित नाही. विचार करायची पद्धत आहे.”

मी वहीत लिहिलं: ज्या गणिताला एकक नसतं त्याला आमच्या वेळी स्तोत्र म्हणत. त्या वेळी हे वाक्य मला फार आवडलं होतं.

पुढे तो हवामान बदलावर आला. वर्षाचा पाऊस कदाचित तेवढाच दिसेल, पण दिवस कमी होतील. मधे लांब उघडीप पडेल, आणि पडेल तेव्हा महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडेल. एकाच वर्षी आधी दुष्काळ आणि मग पूर, असं होऊ शकतं.

“म्हंजे दोन्ही अनुदानं एकाच वर्षी?” आबांनी विचारलं. आबा म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. बाई खुर्चीवर असतात आणि बोलतात आबा. तलावाखाली सगळ्यांत मोठी बाग त्यांचीच. मंडप हसला, तोही हसला आणि मला वाटलं, झालं, आता चहा येईल.

चहाच्या आधी त्याने आणखी एक सांगितलं. मातीच्या भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं तर त्याचा रंग बघा. नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे असं समजा, आणि खालच्या लोकांना उठवा. मी तेही लिहून घेतलं आणि पुढे कंसात ‘उठवून न्यायचं कुठे?’ असा शेरा मारला. शेरा मारण्यात मी तरबेज होतो.

दुपारी नकाशा काढायचा होता. जमिनीवर, रांगोळीने. निळा रंग पाण्याला, हिरवा शेताला, पिवळा घरांना आणि लाल धोक्याला. बायकांनी तासाभरात अख्खं गाव उभं केलं, अगदी देवळासमोरच्या हापशासकट. लाल रांगोळीचा ढीग मात्र ज्या कागदावर ओतला होता तिथे जसाच्या तसा होता. त्याचं कारण समजायला पुण्याहून येऊन भागत नाही. पलीकडच्या तालुक्यात मोठ्या रस्त्यासाठी मोजणी झाली तेव्हापासून आमच्याकडे कुणी नकाशा काढायला लागला की लोक आधी आपलं घर त्याच्यातून काढायला बघतात. ज्याच्या घरावर लाल पडेल त्याला उद्या नोटीस येईल, हे सगळ्यांनी मनात पक्कं केलं होतं.

“कुठेच धोका नाही?” त्या तरुणाने विचारलं.

एका म्हाताऱ्याने चिमूटभर लाल घेऊन स्मशानावर टाकला. “इथं टाका. इथल्या लोकायची हरकत न्हाई.”

“आणि सांडवा? सांडव्याची अवस्था कशी आहे?”

 पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. “सांडवा चांगला हाय,” आबा म्हणाले. त्याने लेखनिकाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी वहीत ‘सांडवा: चांगला’ असं लिहिलं. खोटं नव्हतं ते. सांडवा चांगलाच होता. त्याच्यावर काय रचलं आहे, हे त्याने विचारलं नव्हतं.

तेव्हा चाची आल्या. सकाळी रजई पोचवायला जाताना त्या मंडपाच्या कडेला थोडा वेळ उभ्या राहिल्या होत्या, आता परत चालल्या होत्या, अंगावर कापसाचे धागे तसेच. त्यांनी नकाशा नीट बघितला, वाकल्या, मूठभर लाल उचलला आणि नाल्याकाठच्या आपल्या पिवळ्या चौकोनावर पसरला. इतक्या सहज, की जणू पिठात मीठ टाकताहेत.

“चाची, काय करून राह्यल्या?” कुणीतरी ओरडलं.

“पाणी आलं तर पयले माझ्याकडं येते. मंग लाल कोणी लावायचं, तुमच्या घरावर लावू का?”

बायका हसल्या. मी हसलो नाही. मी त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, पूर्ण सद्भावनेने, आयुष्यभराच्या अनुभवाचा अर्क सांगितला. “चाची, तुमचं घर कागदावर नाही. लाल लावलं की उद्या साहेब येतील, धोक्याच्या जागेत अतिक्रमण म्हणतील आणि उठा म्हणतील. घर देतील की नाही माहीत नाही, पण उठवतील नक्की. तुम्ही आपलं पुसून टाका.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तुमी शिकलेले मानूस. बराबरच बोलत असाल.” आणि त्यांनी पायाने तो लाल पुसला. पुसताना खालचा पिवळाही गेला. मग नकाशाचा फोटो निघाला, आणि तो आठवडाभरात चौकटीत घालून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला: गावाचा धोका-नकाशा. मी अहवाल लिहिला. धोक्याच्या ठिकाणी वस्ती: निरंक.

माझ्या सल्ल्यात चूक नव्हती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. साहेब आले असते आणि उठाही म्हणाले असते. पण लाल रंग सांडव्याच्या इतक्या जवळ पडला असता तर तो तरुण उठून सांडवा बघायला गेला असता, आणि वर गोण्यांचे तीन थर होते, त्यांत माझी गाठ होती. हा विचार सल्ला देताना माझ्या मनात नव्हता, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणतो.

पावसाळा आला तो त्या तरुणाने सांगितल्यासारखाच, म्हणून मला आणखी राग आला. जुलै बरा. ऑगस्ट कोरडा. मोसंबीची फळं सुपारीएवढी असताना गळायला लागली. मोबाइलवर मात्र दर आठवड्याला इशारा येत होता. कधी पिवळा, कधी नारंगी. इशारा आला की बायका वाळवण आत घ्यायच्या आणि ऊन पडायचं. चौथ्या इशाऱ्याला आमच्या हिने वाळवण आत घेतलंच नाही. “त्याला कळतंय तर त्यालाच सांगा घ्यायला,” असं म्हणाली. तलाव निम्मा होता, तरी आबांनी माणसं पाठवून सांडव्यावर चौथा थर चढवला. येईल ते थांबलं पाहिजे. माझ्याकडेही गोण्या मागायला माणूस आला. मी चार दिल्या.

सप्टेंबरात एका गुरुवारी पाऊस सुरू झाला. शुक्रवारी थांबला नाही. शनिवारी सकाळी मी ओसरीत बसून वर्तमानपत्र, म्हणजे गुरुवारचं वर्तमानपत्र, वाचत होतो तेव्हा चाची आल्या. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात चपला.

“सर, तळं भरलं. वरच्या बोऱ्या काढायला सांगा.”

“भरलंय तर चांगलंय की.”

“तळ्याच्या भिंतीच्या खालून पानी येऊन राह्यलं. माझ्या मागच्या अंगाला.”

“चाची, पाझर तलाव आहे. पाझरणारच. त्यासाठीच बांधलाय.”

हे बोलताना माझ्या मनात काय होतं तेही लिहायला हवं. मला वाटलं, कुणीतरी यांना घरकुलाचं सांगितलं असणार. घराची नासधूस दाखवली की यादीत नाव लागतं, म्हणून आतापासून बोलणं पेरताहेत. ज्या बाईने माझ्या सांगण्यावरून स्वतःचं घर नकाशातून पुसलं होतं, तिच्यावर मी हा संशय घेतला.

चाचींनी हुज्जत घातली नाही. पदराच्या आतून त्यांनी स्टीलचा पेला काढला. फडक्याने तोंड बांधलेला. फडकं सोडून तो माझ्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवला. “हे बघा. तुमी त्या दिवशी रंगाचं लिवलं न वहीत. मी हुभी हुते.”

पेल्यातलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. तळाशी माती बसत होती.

पावसात भरावाच्या पायथ्याशी जाईपर्यंत माझी एक चप्पल काळ्या मातीने ठेवून घेतली. चाचींच्या घरामागे पन्नासएक पावलांवर गवतातून मनगटाएवढी धार निघत होती आणि तिच्यातून बारीक माती उसळून बाजूला वर्तुळात साचत होती, मुंग्यांच्या वारुळासारखी. वर सांडव्याकडे बघितलं. पाणी चौथ्या थराला टेकलं होतं. गोण्या नसत्या तर ते कालच वाहून गेलं असतं. आभाळाचा वाटा अर्धाच, हे मला त्या गवतात एका चपलेवर उभं राहून पटलं.

आबांकडे पाच-सहा बागवाले जमले होते. चहा चालला होता, चेहरे खुशीत. दोन वर्षांत तलाव भरला नव्हता. मी सांगितलं तसे ते एकमेकांकडे बघायला लागले.

“सर, तुमची विहीर तर भरली असंल,” आबा म्हणाले. “तुमच्या अर्ध्या एकराचं भागलं. आमचं दहा एकर हाय.”

“धार गढूळ आहे, आबा.”

“पावसात सगळंच गढूळ असतंय. त्या टोपीवाल्याचं ऐकून तुमी बी?”

“त्याचं मी ऐकलं नव्हतं. हीच चूक झाली.”

“मंग काढा तुमच्या गोण्या. तुमची गाठ वळखू येतीच.”

सगळे हसले. दारात उभ्या असलेल्या चाची पुढे झाल्या. “काढायच्या तर सगळ्यायच्या काढा. पन जल्दी.”

आबा त्यांच्याकडे वळले. आवाज जरा नरम झाला. “चाची, कळून राह्यलं का तुमाला? गोण्या काढल्या की सगळं पानी नाल्यानं येईल. म्हंजे तुमच्या घरातून जाईल.”

“जाऊ द्या.”

“घर जाईल ना!”

“आबा, बोऱ्या नव्हत्या तेवा दोन-तीन सालातून एकदा यायचंच पानी. घुटन्यापर्यंत. तुमचे चाचा कापूस माळ्यावर टाकायचे, मी शेळी ओट्यावर घ्यायची. जोतं त्याच्यासाठीच उंच हाय. घुटन्यापर्यंतचं पानी मला वळखीचं हाय. भिंत फुटल्यावरचं न्हाई. आन् फुटली तर माझ्या घरावर थांबती का? खालची आळी हाय न तुमची.”

खालच्या आळीत आबांच्या सख्ख्या भावाचं घर आहे. आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि टॉवेल डोक्याला गुंडाळला. इतर उठले ते त्यांच्या मागून. सगळे बाहेर पडत असताना माझ्या डोक्यात आलं: धोका, असुरक्षितता, क्षमता. पडद्यावर ज्याला दोन तास लागले होते ते या बाईने दारात उभ्या उभ्या मांडलं, आणि एकक गुडघा ठेवलं.

खालच्या आळीतल्या लोकांना शाळेत न्यायचं काम सरपंचबाईंनी घेतलं. त्या वेळी त्या पहिल्यांदा आबांना न विचारता बोलल्या आणि बरंच बोलल्या. चाचींच्या घरातला कापूस, तयार गाद्या आणि शेळीही शाळेत गेली. पिंजण्याची लांब धनुकली चाचींनी कुणाच्या हातात दिली नाही. स्वतः छताच्या कडीला टांगली. गोण्या काढायला मशीन बोलवायचा विषय निघालाच नाही, कारण त्या चिखलात बैलही गेला नसता. कमरेला दोर बांधून दोन-दोन माणसं सांडव्यावर उतरली. वरचा थर आधी, कडेकडून, एकेक. एकदम ओढली असती तर खाली एकदम लोंढा गेला असता. मी काठावर दोर धरून होतो. ओल्या गोणीचं वजन मला त्या दिवशी कळलं. ठेवताना त्या कोरड्या असतात.

दुपारी तीनच्या सुमाराला तिसरा थर निघाला आणि पाणी मोठ्याने बोलायला लागलं. चाची माझ्या शेजारी उभ्या राहून आपल्या घराकडे बघत होत्या. पाणी अंगणात आलं, जोत्याला लागलं, मग उंबऱ्यावरून आत गेलं. त्या मधून मधून हाताने स्वतःच्या पायावर मोजत होत्या. पोटरी. गुडघ्याच्या खाली. गुडघा. तिथे ते बराच वेळ थांबलं.

“बराबर,” त्या म्हणाल्या.

घराची मागची पांढऱ्या मातीची भिंत मात्र संध्याकाळच्या आधी बसली. एकदम पडली नाही. दमलेला माणूस खाली बसतो तशी बसली. भराव टिकला. मागची धार रात्र पडायच्या आत बारीक झाली आणि दुसऱ्या दिवशी नितळ यायला लागली. खालची आळी घरी गेली आणि शाळेतल्या फरशीने कंबर दुखली म्हणून तक्रार करायला लागली.

चार दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आला. तरुण माणूस, पायजम्याचे पाय दुमडलेले, थकलेला. ग्रामपंचायतीत बसून त्याने विचारलं, “पाणी कशामुळे शिरलं?”

“अतिवृष्टी,” आबा लगेच म्हणाले.

त्याने लिहिलं. मग भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. “तुमच्या धोका-नकाशात तर नाल्यावर घरच नाही. अहवालातही वस्ती निरंक आहे. मग हे घर कधीचं? आता बांधलं का?”

चाची दाराशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं. खोलीत आठ-दहा माणसं होती, आणि कसल्या गोण्या म्हणणारी ती जुनी शांतता पुन्हा येऊन बसली होती.

मी उठून फोटोजवळ गेलो. “इथे बघा. गुलाबी डाग दिसतोय? इथे पिवळं घर होतं आणि त्यावर लाल होतं. त्यांनी स्वतः लावलं होतं. मी पुसायला लावलं. अहवालही माझ्या हातचा आहे आणि तो खोटा आहे. घर माझ्या जन्माच्या आधीचं आहे.” मग सुरू केलंच आहे तर म्हणून पुढचं बोललो. “आणि पाणी शिरलं ते आम्ही सोडलं म्हणून. सांडव्यावर गोण्या होत्या. आठ माझ्या होत्या.”

तलाठ्याने पेन थांबवलं. “सर, हे लिहू?”

“लिहा. सही करतो.”

“सर,” मागून आबा म्हणाले, “रिटायर झाल्यावर मानसानं शेळ्या पाळाव्या.”

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीही सही केली. कागद वर गेला. वर म्हणजे नक्की कुठे, हे मी अजून शोधतो आहे. दर महिन्याला चौकशी केली की तो तिथून निघाला आहे आणि पुढे पोचलेला नाही असं कळतं. चाचींना अजून काही मिळालेलं नाही. उठा म्हणायलाही कुणी आलेलं नाही. म्हणजे माझं भाकीत दोन्ही बाजूंनी चुकलं. मागची भिंत बागवाल्यांनी चार दिवसांत उभी करून दिली, या खेपेला दगडाची, कमरेपर्यंत. ती चांगुलपणातून दिली की चाचींनी आणखी बोलू नये म्हणून, याचा तपास मी केला नाही. सवय असूनही.

हिवाळ्यात आमची गादी घेऊन मी चाचींकडे गेलो. धनुकली जागेवर होती, कापूस उडत होता. कापसाखाली जमिनीवर त्यांनी खताच्या गोण्या उसवून, धुऊन, एकमेकींना शिवून मोठं अंथरूण केलं होतं.

“छान झालंय. गोण्या कुठून आणल्या?”

“सांडव्यावरून.”

“त्या तर आम्ही तेव्हाच काढल्या.”

“तेवा काढल्या. मंग पुन्हा कोणी तरी ठेवून राह्यलं. कदी एक, कदी दोन. मी शुक्करवारी जाते आन् घेऊन येते. सात झाल्या.”

“कोण ठेवतं?”

“मी कशाला बघू? मला बोरी भेटती.” कोपऱ्यात एक नवी गोणी उभी होती, तोंड बांधलेली, अजून न उसवलेली. चाचींनी माझ्याकडे निरखून बघितलं. “यातली तुमची एखादी न्हाई न, सर?”

“नाही,” मी म्हणालो. खरं तेच म्हणालो.

त्यांनी मान हलवली, गोणी जवळ ओढली आणि तरीही तिची गाठ उजेडाकडे धरून बघितली.